शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे टायर : चालवायचे की बदलायचे?

साताऱ्यातल्या वाड्याच्या परसात किंवा तासगाव भागातल्या एखाद्या द्राक्षबागेच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर किंवा जीप बाहेर काढायचं ठरलं, की बॅटरी, कार्बोरेटर आणि ब्रेक यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. टायरवर एक नजर टाकली जाते. नक्षी भरपूर दिसते, हवा भरली की टिकते, आणि तिथेच विषय संपतो. जुन्या गाडीच्या बाबतीत सगळ्यांत धोकादायक चूक हीच आहे.

नक्षी झिजते ती रस्त्यावर. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, तो वाळतो. नव्या टायरला साधारण 8 मिमी नक्षी असते. पंधरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला ती 7 मिमी शिल्लक असू शकते आणि तरीही तो टायर घाटात जीव घेऊ शकतो. नक्षी किमान 1.6 मिमी असावी असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतो. त्या नियमात बसला म्हणजे टायर सुरक्षित झाला, असा अर्थ कुणी काढू नये.

पुढच्या तपासण्यांचा क्रम असा लावला आहे, की टायर जिथे नापास होईल तिथेच थांबायचं, म्हणजे पुढची मेहनत वाचते. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. या तपासण्यांतून टायर वाईट आहे हे कळतं. तो चांगला आहे याची खात्री त्या देऊ शकत नाहीत. आतल्या थरांची एकमेकांवरची पकड किती उरली आहे, हे ना डोळ्याला दिसत ना हाताला लागत. म्हणून दहा वर्षांपुढचा टायर सगळ्या तपासण्यांत पास झाला तरी तो रस्त्यावर नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उभा टायर खराब कसा होतो

टायरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारी रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना रबर दबतं, सुटतं, आणि हे घटक थोडे थोडे पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की ही हालचाल थांबते. वरचा संरक्षक थर पुन्हा भरला जात नाही आणि हवेतला ओझोन ताणाखाली असलेल्या रबराला चिरा पाडतो. जमिनीला टेकलेल्या जागेच्या वर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फुगलेली असते, तिथे ताण जास्त. त्यामुळे एकाच टायरच्या खालच्या भागात भेगा आणि वरचा भाग ठीकठाक, असं चित्र बऱ्याचदा दिसतं. वरून पाहणाऱ्याची तिथे फसगत होते.

दुसरं नुकसान आतून होतं. दाबाखाली असलेल्या हवेतला ऑक्सिजन रबरात झिरपत राहतो आणि रबर कडक होत जातं. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे एकावर एक असतात. त्यांच्यामधलं रबर ठिसूळ झालं की पट्टे कडेपासून एकमेकांपासून सुटायला लागतात. गाडी शेडमध्ये असताना याचा पत्ताही लागत नाही. पण मे महिन्यात दुपारी खंबाटकी उतरून सुरूर फाट्यापुढे गाडीने 80 चा वेग धरला, टायर आतून तापला, की तीच सुटलेली जागा भराभर पसरते आणि नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघतो. क्रॉसप्लाय, म्हणजे आडव्या-तिडव्या दोऱ्यांच्या जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये पोलादी पट्टे नसतात. तिथे नक्षीच्या खाचांमधून किंवा खांद्यापासून, म्हणजे नक्षीच्या कडेपासून, भेग आत जाते आणि नायलॉनचे दोरे उघडे पडून तुटायला लागतात.

रासायनिक क्रिया तापमान 10 अंशांनी वाढलं की ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळची हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, हे तिथे उन्हाळ्यात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या भागांत टायरला भेगा लवकर पडतात आणि डोळ्यांना दिसतातही. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात टायर बाहेरून तुलनेने बरा दिसतो. तिथे ओलीने रिम गंजते आणि बीडजवळ, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेजवळ, रबर रिमला चिकटून बसतं. त्याच शेडमध्ये वेल्डिंग होत असेल किंवा ठिणग्या टाकणारी जुनी मोटर चालत असेल तर ओझोन तिथल्या तिथे तयार होतो. डिझेलचे कॅन आणि सांडलेलं ऑइल यांच्या शेजारी उभा राहिलेला टायर खालून फुगतो आणि मऊ पडतो.

आधी जन्मतारीख शोधा

ओलं फडकं, टॉर्च, खडू आणि मोबाइल एवढं सामान पुरे. साइडवॉल धुऊन कोरडी करा आणि आडव्या खडूने उठावदार अक्षरांवरून घासा, म्हणजे झिजलेले आकडेही उठून दिसतात. शोधायचा आहे तो चार आकड्यांचा गट, बहुतेक वेळा लांबट गोल चौकटीत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 म्हणजे 2014 सालातला तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा सुमार. साइडवॉलवर साच्याचे आणि मॉडेलचेही आकडे असतात. पहिले दोन आकडे 53 पेक्षा मोठे असतील तर ती तारीख नाही एवढं नक्की समजा.

पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. मोबाइलचा फ्लॅश लावून चाकामागे हात घालून फोटो काढा, किंवा छोटा आरसा वापरा. तेवढ्यासाठी गाडीखाली शिरू नका. जॅकवर गाडी असताना तर मुळीच नको.

तीनच आकडे सापडले तर टायर 2000 सालाच्या आधीचा आहे. 238 म्हणजे तेविसावा आठवडा आणि 8 ने संपणारं वर्ष, 1998 किंवा 1988. कुठलं दशक यावर डोकं शिणवायची गरज नाही, दोन्ही उत्तरांचा निकाल एकच. तारीख अजिबात सापडत नसेल तर टायर दहा वर्षांच्या पुढचा आहे असं धरून चाला. चारही टायर आणि स्टेपनी यांच्या तारखा वेगवेगळ्या लिहून घ्या. जुन्या गाडीवर पाच टायर पाच वेगवेगळ्या सालांचे निघणं नेहमीचंच आहे.

मिशलिन, कॉन्टिनेंटल यांसारख्या कंपन्या उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षं ही वरची मर्यादा मानतात, नक्षी कितीही असो. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांनंतरच बदला म्हणतात. आमची पद्धत अशी : सहा वर्षांच्या आतला टायर तपासून वापरावा. सहा ते दहा वर्षांचा टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय वापरू नये, आणि पास झाला तरी दरवर्षी पुन्हा पाहावा. तो हवा जाऊन महिनोन्महिने रिमवर बसलेला असेल किंवा उघड्या उन्हात राहिला असेल, तर सहा वर्षांनंतर सरळ बाद. दहाच्या पुढे एकच उपयोग : गाडी शेडमधून ढकलत बाहेर आणून कॅरिअरच्या ट्रकवर चढवण्यापुरता.

हवा भरताना घाई नको

बसलेल्या टायरमध्ये थेट 30 पीएसआय भरणं धोक्याचं आहे. गाडीच्या वजनाखाली साइडवॉलला घडी पडलेली असते, आतले दोरे त्या घडीवर मोडलेले असू शकतात, आणि दाब वाढला की टायर तिथेच फाटतो. आधी गाडी उचला. दुसऱ्या टोकाच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. जमीन मातीची असेल तर जॅकखाली किमान दोन इंच जाडीची रुंद फळी घाला आणि वजन जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी जॅक स्टँडवर) घ्या.

हवा भरण्यासाठी व्हॉल्व्हला चिमट्याने अडकणारी लांब नळी वापरा आणि तोंड साइडवॉलसमोर न ठेवता नक्षीच्या बाजूला उभे राहा. आधी 10 पीएसआय भरा आणि दहा मिनिटं थांबा. मग 20, पुन्हा थांबा, आणि मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा. टायरवर छापलेला दाब कमाल मर्यादेचा असतो. तो भरायचा दाब नव्हे. भरताना तडतड किंवा चिरचिर आवाज आला, साइडवॉलवर टेंगूळ यायला लागलं, तर नळी सोडा, लांबूनच हवा जाऊ द्या आणि तो टायर बाद करा.

आता हवा किती टिकते ते पाहा. सकाळी उन्हं यायच्या आत दाब मोजा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. वेळ एकच हवी, कारण सांगलीत मार्चमध्ये सकाळी 18 अंश आणि दुपारी 36 अंश असताना 30 पीएसआयचा तोच टायर दुपारी साधारण 3 पीएसआय जास्त दाखवतो. दिवसभरात 2-3 पीएसआय उतरले तर व्हॉल्व्ह, ट्यूब किंवा बीड यांपैकी काहीतरी गळतंय. लिटरभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून ते व्हॉल्व्हच्या टोकाला, बुडाला आणि रिमच्या कडेला लावा. बुडबुडे कुठे येतात ते दिसेल.

भेगा वाचायच्या कशा

पाहण्याआधी टायर साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. विक्रीला काढलेल्या गाड्यांच्या टायरना काळं पॉलिश मारलेलं असतं आणि बारीक भेगा त्याखाली झाकल्या जातात. धुतल्यावर साइडवॉल तपकिरी दिसली तर बिचकू नका. तो बहुतेक वेळा पृष्ठभागावर आलेल्या संरक्षक रसायनाचा रंग असतो. तारेच्या ब्रशने किंवा पेट्रोलने तो घासून काढाल तर टायरचं नुकसानच कराल.

भेगा चार ठिकाणी शोधायच्या. साइडवॉलच्या मधल्या फुगीर भागावर पाहा. नक्षी संपून साइडवॉल सुरू होते त्या खांद्यावर पाहा. रिमला लागून असलेल्या बीडच्या पट्ट्यात पाहा. आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी. शेवटची जागा सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक लोक तिथे बघतच नाहीत. चाक उचललेलं असताना ते हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवा आणि प्रत्येक खाचेच्या तळावर टॉर्च तिरका धरा. समोरून धरलेल्या प्रकाशात भेग दिसत नाही. तिरक्या प्रकाशात तिची सावली पडते. खाचेच्या तळाखाली पट्ट्यांपर्यंत रबराचा थर दोन-चार मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे तिथली बारीक भेगही गंभीर समजा.

साइडवॉलवर केसासारख्या, नख अडकत नाही अशा, विखुरलेल्या चिरा असतील तर टायरचं वय आणि बाकीच्या तपासण्या निर्णय देतील. नख अडकायला लागलं, भेग गोलाकार दिशेने सलग दोन-तीन सेंटिमीटर जात असली, किंवा अंगठ्याने दाबल्यावर तोंड उघडून आत वेगळा पोत दिसला, तर टायर बाद. दोरा किंवा तार दिसली तर चर्चाच नको. भेग किती खोल आहे हे पाहायला सुरी किंवा ब्लेडचं टोक खुपसू नका. नक्षी मोजायच्या गेजची पिन हलकेच टेकवा : 1 मिमीच्या पुढे गेली तर पुरे झालं. रबर सोल्युशन किंवा सिलिकॉन भरून भेग बुजवणं म्हणजे फक्त झाकणं. त्याने ताकद परत येत नाही.

टेंगूळ आलं असेल, म्हणजे साइडवॉलचा लिंबाएवढा भाग बाहेर आला असेल, तर आतले दोरे तुटले आहेत. हवा कमी करून टेंगूळ बसतं, दोरे जुळत नाहीत.

कडकपणा मोजा

रबर वाळलं की ओल्या रस्त्यावर पकड जाते. पावसाळ्यात पसरणी किंवा केळघर घाटात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ घसरते ती यामुळे. अंदाजासाठी नक्षीच्या गोटीत, म्हणजे खाचांमधल्या उंच ठोकळ्यात, अंगठ्याचं नख दाबा. चांगल्या रबरात नख किंचित रुततं आणि खूण हळूहळू भरून येते. प्लास्टिकवर दाबल्यासारखं वाटलं तर तो इशाराच आहे.

नेमकं मोजायचं तर शोअर ए प्रकारचा ड्युरोमीटर वापरा. तो हातात मावणारा, घड्याळासारख्या तबकडीचा किंवा डिजिटल असतो. टायर सावलीत दोन तास ठेवून, सकाळी, गोटीच्या सपाट मध्यावर पाच वेगवेगळ्या ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. तापलेलं रबर मऊ दाखवतं, म्हणून दुपारचं माप धरू नका. नवीन टायर साधारण 60 ते 70 च्या दरम्यान असतो. 75 च्या पुढे पकड कमी झालेली असते, 80 च्या पुढे तो टायर रस्त्याचा राहिला नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या : आकडा चांगला आला म्हणजे आतले पट्टे चिकटलेले आहेत, असं होत नाही.

उचलून फिरवा

चाक हाताने मोकळं फिरतंय का पाहा. अडकत असेल तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले असतील, ते आधी सोडवा. मग विटेवर पेन्सिल बांधून तिचं टोक आधी रिमच्या कडेला 2 मिमी अंतरावर लावा. रिमच वाकडी असेल तर टायरला दोष देऊन उपयोग नाही. रिम सरळ निघाली की पेन्सिल नक्षीच्या मध्यावर आणा आणि चाक सावकाश फिरवा.

इथे दोन वेगळी चित्रं दिसतात आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत. एका जागी फट वाढली, म्हणजे टायर तिथे चपटा आहे. गाडी उभी राहून पडलेला हा चपटेपणा कधीकधी टायर गरम झाल्यावर निघून जातो. फट कमी झाली किंवा पेन्सिल घासली, म्हणजे नक्षी तिथे वर आली आहे. ते पट्टे सुटल्याचं लक्षण, आणि त्यावर दुसरा इलाज नाही. 1.5 मिमीपर्यंतचा फरक चालून जातो. चपटेपणा 3 मिमीच्या पुढे असेल तर तो कायमचा झाला समजा. फिरवतानाच नक्षीची मधली रेघ डावी-उजवीकडे नागमोडी सरकते का तेही पाहा, आणि चाक थांबवून तळहात नक्षीवरून आडवा फिरवा. डोळ्याने सुटलेला उंचवटा हाताला लागतो.

रिमवरून उतरवून आतून पाहा

सहा वर्षांच्या पुढच्या टायरसाठी हे टाळू नका. पद्मिनी, अँबेसेडर, जीप यांना ट्यूबचे टायर असतात. पंक्चरवाल्याला सांगा, की बीड पहारीने जबरदस्तीने उचलायची नाही, आधी साबणाचं पाणी सोडायचं. रिमला चिकटलेली बीड ओढून काढताना फाटली, तर चांगला टायरही वाया जातो.

टायर दोन्ही हातांनी फाकवून आत टॉर्च मारा. रबराचा काळा भुगा दिसला, साइडवॉलच्या आत गोल निळसर-काळा घासलेला पट्टा दिसला, घडीची सुरकुती दिसली, तर टायर कधीतरी हवेशिवाय चाललाय किंवा बसून राहिलाय. त्या पट्ट्यावर दोरे उघडे असतील तर बाद. बीडवर गंजाचे डाग आणि फुगलेलं रबर दिसलं तर आतली तार गंजली आहे. जुन्या पंक्चरचे ठिगळ नक्षीखाली असेल तर ठीक, साइडवॉलवर असेल तर नाही.

ट्यूब वेगळी तपासा. व्हॉल्व्हच्या बुडाशी ती वाकवून पाहा. तिथे भेग असते तेव्हा हवा एकदम जाते, हळूहळू नाही. घडीच्या रेषा पडलेली, टायरला चिकटलेली किंवा तीन-चार ठिगळांची ट्यूब परत घालू नका. टायर बदलत असाल तर ट्यूबही नवीनच घ्या. वाढलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी घालून बसते आणि त्या घडीवरच फुटते.

पूर पाहिलेले टायर

2005, 2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीतल्या अनेक गाड्या कृष्णेच्या पाण्यात बुडाल्या. स्वच्छ पाण्यात चार दिवस राहिल्याने भेगा नसलेला टायर खराब होत नाही. पुराच्या पाण्यावर मात्र डिझेल-ऑइलचा तवंग असतो, आणि गाळ बीड आणि रिमच्या मध्ये जाऊन बसतो. असा टायर उतरवा, गाळ धुऊन काढा, सावलीत पूर्ण वाळवा. रिम तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारा. रेडियलला खोल भेग किंवा काप असेल तर पाणी पोलादी तारांच्या कडेने आत सरकतं आणि गंज पट्ट्याच्या आत पसरतो, जिथे तुम्ही कधीच पाहू शकणार नाही. तो ठेवू नका. ब्रेक ड्रम आणि बेअरिंग उघडण्याचं कामही याच वेळी उरकून घ्या.

नक्षी नवी, अंग जुनं

रिमोल्ड टायरची फसगत वेगळीच. जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेली असते. खांद्यावर गोलाकार सांध्याची रेघ, नक्षीच्या आणि साइडवॉलच्या काळ्या रंगात फरक, अशी ओळख पटते. तारीख सांगाड्याची धरायची. गुळगुळीत टायरला तापलेल्या पात्याने हाताने नक्षी कापलेली असेल तर खाचा वाकड्यातिकड्या आणि तळाशी खरबरीत असतात, आणि खाचेतले 1.6 मिमीचे झीजदर्शक उंचवटे गायब असतात. मोटारीवर असा टायर नकोच.

स्टेपनीलाही हेच सगळे नियम. डिकीत अंधारात राहिली म्हणून ती तरुण राहत नाही. उलट गाडीवरचा सर्वांत जुना टायर बहुतेक तीच असते.

पहिली फेरी

सगळ्यांत पास झालेल्या, दहा वर्षांच्या आतल्या टायरवर पहिली फेरी सपाट रस्त्यावर, सकाळी थंडाव्यात काढा. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट नको, कोरेगावचा रस्ता बरा. सांगलीत माधवनगर-बुधगाव-कवलापूर बाजू ठीक, पण ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या रांगांमध्ये जाऊ नका. 30-40 च्या वेगाने 10 किलोमीटर चालवा, थांबा, आणि चारही टायरना हात लावा. एकच टायर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर रिमही गरम आहे का पाहा. रिम गरम असेल तर ब्रेक धरतोय. फक्त टायर गरम असेल तर हवा कमी आहे किंवा आत काहीतरी सुटलंय.

चपटेपणामुळे येणारी थरथर 15-20 किलोमीटरमध्ये कमी होते. कमी न होता वाढत गेली, तर तिथेच थांबा आणि स्टेपनी लावा. थरथर स्टीअरिंगला जाणवली तर पुढचं चाक, सीटला जाणवली तर मागचं.

नवे घेताना

पद्मिनीला 5.20-14, अँबेसेडरला 5.90-15, जीपला 6.00-16 आणि स्टँडर्ड हेराल्डला 5.20-13 ही मूळ मापं. यांची मागणी कमी, त्यामुळे दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून मिळू शकतो. पैसे देण्याआधी पाचही टायरची तारीख स्वतः वाचा. दोन वर्षांपेक्षा जुना घेऊ नका. आयएसआय खूण पाहा.

क्रॉसप्लायऐवजी रेडियल बसवायचा असेल तर व्यास जुळवावा लागतो. 155/80 आर 14 चं गणित असं : 155 च्या 80 टक्के म्हणजे 124, दोन बाजूंचे 248, त्यात रिमचे 14 गुणिले 25.4 म्हणजे 355.6 मिळवा, व्यास 603.6 मिमी. मूळ टायर पूर्ण हवेत मोजून त्याच्याशी ताडा. फरक 3 टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो आणि टायर मडगार्डला घासतो. भाराचा निर्देशांकही बघा : 79 म्हणजे प्रत्येक टायरला 437 किलो, 82 म्हणजे 475, 84 म्हणजे 500. जुन्या रिमवर रेडियल घालताना रेडियलसाठीचीच ट्यूब घ्या. एका अॅक्सलवर एक क्रॉसप्लाय आणि एक रेडियल कधीच नको. दोनच रेडियल घेतले असतील तर ते मागे लावा. पुढे लावलेत तर वळणावर गाडीचा मागचा भाग आधी सुटतो.

बसवताना ट्यूबला पावडर लावा, थोडी हवा भरा, सगळी सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे सुरकुत्या निघतात. नट समोरासमोरचे आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

पुन्हा उभी करताना

दोन-तीन महिन्यांसाठी उभी करायची असेल तर नेहमीपेक्षा 4-5 पीएसआय जास्त भरा, टायरवरच्या कमाल आकड्याच्या आत राहून, आणि महिन्यातून एकदा गाडी पाव फेरा पुढे ढकला. त्याहून जास्त काळ असेल तर पुढे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली आणि मागे अॅक्सलखाली घोडे लावा. चेसिसखाली लावले तर सस्पेन्शन लोंबकळत राहतं. टायरवर जाड सुती कापड टाका. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. नायट्रोजन भरल्याने आतलं ऑक्सिडेशन थोडं मंदावतं, बाहेरच्या ओझोनला त्याचा काही फरक पडत नाही.

उतरवलेले बाद टायर 'कुठेतरी चालतील' म्हणून कुणाला देऊ नका. आपल्या भागात असे टायर ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना आणि छोट्या ट्रॉल्यांना जातात. दोन-अडीच टन उसाखाली ते फुटले की बैल आणि गाडीवान दोघेही गाडीखाली येऊ शकतात. भंगारात देण्याआधी हॅकसॉने साइडवॉल दोन ठिकाणी बीडपर्यंत आडवी कापून टाका.